लंकेला दिलेली विशाखा

विशाखा कांबळे आमच्या शाळेत रुजू झाली त्या दिवशी शिक्षकखोलीच्या दारात उभी राहून तिनं विचारलं, "मी आत येऊ का भाईरच थांबतो?" मी दहावीच्या हिंदीच्या वह्या तपासत बसले होते. मंगळवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत पंधरा वर्षं काढलेली बाई मी. मुलींचं 'मी गेलतो, मी आलतो' ऐकून कान किटले होते. पण निदान शिक्षिकेनं तरी बाईमाणसासारखं बोलावं, अशी माझी भाबडी अपेक्षा होती. न राहवून म्हणाले, "थांबते म्हणावं." तिनं शहाण्या मुलीसारखी मान डोलावली आणि म्हणाली, "बरं, तसं म्हणतो." तिला व्याकरण शिकवायचा नाद मी तिथंच सोडला.

ही एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. ती बावीस-तेवीस वर्षांची, मी चाळिशीला टेकलेली. नेमणूक खेळाच्या शिक्षिकेची, पण तिचं खरं काम भाला फेकण्याचं. भारताच्या संघातून ती तोवर एकदा परदेशी जाऊन आली होती आणि त्याबद्दल तिला विचारलं तर "तिथलं जेवाण बरं न्हवतं" एवढंच सांगायची. शाळेत साडी सक्तीची. त्यामुळे साडी, खाली कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी असा तिचा अवतार असायचा. तिच्या ब्लाऊजची उजवी बाही डावीपेक्षा दोन बोटं सैल शिवावी लागे. पेठेतल्या शिंप्यानं पहिल्यांदा माप घेतलं तेव्हा आपलीच टेप चुकली असं समजून त्यानं तीनदा मोजलं, असं ती हसत सांगायची.

मधल्या सुट्टीत ती चार भाकरी खायची, पाचवी आमच्यापैकी कुणाच्या तरी डब्यातली. तिला अंतरं फुटांत किंवा फर्लांगांत कळत नसत, भाल्यांत, म्हणजे आपल्या फेकींत, कळत. "पोस्ट काय लांब न्हाय बाई, सात भाले," असं म्हणायची. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकदा रागावून म्हणाल्या की तुमचा वर्ग मैदानावर फार गोंधळ करतो, आवाज थेट माझ्या खोलीत येतो. तर ही खिडकीतून बाहेर बघून गंभीरपणे म्हणाली, "दीड भाल्यावर हाय की तुमची खोली, येणारच."

भाला घेऊन एसटीनं जाणं हा एक वेगळाच खेळ होता. एकदा मुलींचा संघ घेऊन आम्ही दोघी हातकणंगल्याला निघालो. कंडक्टर भाला आत घेईना. "कुणाच्या डोळ्यात गेला म्हंजे?" म्हणाला. विशाखा म्हणाली, टपावर टाका. तो म्हणाला, टपावर वाकला तर माझ्या नावानं बोंब मारशीला. "मग मी बी टपावर बसतो," असं म्हणून ती खरोखरच मागच्या शिडीला लागली. शेवटी भाला आत आला आणि पुढच्या तीन बाकांवरच्या लोकांनी तो मांडीवर आडवा धरला. त्यात एक म्हातारी होती. तिनं भाल्याला हात लावून कपाळाला लावला आणि विचारलं, "कुठल्या देवाची काठी म्हणायची ही?" जोतिबाची सासनकाठी वाटली असणार तिला. विशाखा म्हणाली, "देवाची न्हाय आज्जी, सरकारची हाय." म्हातारीनं पुन्हा एकदा नमस्कार केला.

ती राहायची उचगावात. वडील, दत्तूआण्णा, तिथल्या फौंड्रीत मोल्डर होते. भट्टीच्या झळेनं भुवया जवळजवळ गेलेल्या, त्यामुळे माणूस कायम आश्चर्यचकित झाल्यासारखा दिसे. रविवारी पांढरा स्वच्छ शर्ट घालून बुद्धविहारात वंदना घेणार ते आण्णाच. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा आण्णा दहा-अकरा वर्षांचे होते. घरातले देव पाण्यात सोडायला टोपली त्यांनीच डोक्यावरून नेली होती, आणि हे ते प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगत. मुलीचं नाव त्यांनी बुद्धाच्या काळातल्या उपासिकेचं ठेवलं. गल्लीनं त्याचं 'इशाका' केलं, तरी आण्णांनी कधी हाक मारताना 'वि' गाळला नाही. त्यांना दुसरा अभिमान होता तो आपल्या हिंदीचा. फौंड्रीत उत्तरेकडचे कामगार होते, त्यांच्याकडून ते शिकले होते. मी हिंदीची बाई म्हटल्यावर माझ्याशी ते हटकून हिंदीत बोलत आणि मी मराठीत उत्तर देई.

विशाखाला नवरा मिळाला तो भाला फेकतानाच. शेजारच्या देशांच्या कसल्याशा स्पर्धा होत्या. फेकीला पळत सुटण्याआधी ती पुटपुटायची, "बुद्धं सरणं गच्छामि." त्या दिवशी पलीकडे तिहेरी उडीवाले आपली पाळी यायची वाट बघत बसले होते. त्यातला एक सावळा, शिडशिडीत मुलगा मोठ्यानं म्हणाला, "धम्मं सरणं गच्छामि." ती थबकली, बघितलं तर छातीवर श्रीलंकेचा सिंह. तिची ती फेक वाया गेली. "पार कडंला गेला भाला, पंच पळाला," असं ती मला सांगत होती आणि सांगताना तिचे कान लाल झाले होते. मी तिला लाजलेली पाहिली ती तेवढी एकदाच.

त्याचं नाव सुनिल. उचगावात त्यामुळे भलताच घोळ झाला. "लंकंचा म्हणं, आनी नाव तर आपलंच की," असं जो तो म्हणे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मोडकं इंग्रजी, पालीतल्या गाथा आणि आकडे यांच्यावर त्यांचं सगळं भागायचं. त्याची पत्रं शाळेच्या पत्त्यावर येत. मला वाटायचं काय प्रेमपत्रं असतील! एकदा तिनं आपण होऊन दाखवलं. वरती तारीख, खाली एक आकडा, तो त्याच्या त्या आठवड्यातल्या सगळ्यात लांब उडीचा. त्याखाली गुडघ्याची खुशाली, "नी गुड. यू?" हिनं उलट टपाली आपल्या फेकीचा आकडा आणि "शोल्डर गुड" लिहायचं. अशी दोन वर्षं गेली आणि मग लग्न ठरलं.

लग्न उचगावच्या विहारात झालं. त्याच्याकडून चौघंच आले होते, आई, मामा आणि दोन खेळाडू मित्र. भन्तेंनी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली आणि त्याच्या आईनं आवाजात आवाज मिसळला. समुद्रापलीकडची ती बाई आपल्याच चालीत आपलेच शब्द म्हणते आहे हे ऐकून कांबळ्यांच्या गल्लीतल्या बायका रडायला लागल्या. मलाही भरून आलं, उगाच खोटं कशाला सांगू. जेवणात तांबडा रस्सा होता. पाहुण्यांना सोसणार नाही म्हणून आचाऱ्यानं वेगळा फिका काढून ठेवला होता. सुनिलनं दोन्ही चाखले आणि तांबड्यातच आणखी तिखट मागितलं. उचगावनं जावई पास केला तो त्या घटकेला.

मी सवयीनं आण्णांना म्हणाले, "कन्यादान झालं, सुटलात एकदाचे." तर आण्णा एकदम ताठ झाले. "आमच्यात कन्यादान नसतंय बाई," म्हणाले. "दान कशाचं? पोरगी काय गाय हाय का दान द्यायला?" मी ओशाळले. ते खरंच होतं आणि फार सुंदर होतं, आणि आमच्या घरात असं बोलणारा एकही पुरुष मी पाहिला नव्हता.

आता संसार. विशाखाची नोकरी इथली, कायम. तो तिकडच्या सैन्यात, खेळाडू म्हणूनच घेतलेला, वर्षातले नऊ महिने शिबिरात. ही भारताची, तो लंकेचा. दोघांचीही उमेदीची वर्षं चालू होती आणि दोघांनीही आपापला देश सोडायचा नाही असं आधीच ठरलं होतं. "तू तुझ्या झेंड्याखाली, मी माझ्या. बक्षिसं एकाच कपाटात." हे तिचं वाक्य. मग भेटायचं कुठं? तर स्पर्धेत. जिथं दोन्ही देशांचे संघ जातील तिथं यांचा संसार. तिथंही प्रत्येक देशाची इमारत वेगळी, बायकांचा मजला वेगळा. ही दोघं जेवणघरात शेजारी बसायची आणि सरावाच्या मैदानाला फेऱ्या मारायची. एका स्पर्धेत हिला रौप्य मिळालं आणि दुसऱ्या दिवशी त्याला कांस्य. परत आल्यावर आण्णांनी विचारलं, "त्याचा झेंडा वर जाताना तू काय केलंस?" ती म्हणाली, "हुबी ऱ्हायलो आनी टाळ्या वाजवल्या. आनी काय करणार?" शिक्षकखोलीत कुणी खवचटपणे विचारलं की लग्नाला किती वर्षं झाली, की ती म्हणायची, "वर्षं न्हाय. चार स्पर्धा झाल्या."

म्हणजे संघात नाव असणं हे तिच्यासाठी नुसतं खेळणं नव्हतं. नाव यादीत असेल तर नवरा भेटणार. नसेल तर नाही. हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं, आण्णांना तर सगळ्यात जास्त.

त्या वर्षी मोठी स्पर्धा होती, सगळ्या आशिया खंडाची. निवड चाचणीत विशाखा पहिली आली होती. यादी जायची तेवढी बाकी होती. त्या आठवड्यात ती मुलींना घेऊन जिल्ह्याच्या स्पर्धांना गेलेली. आण्णा तिची विसरलेली बुटांची पिशवी कुणाबरोबर तरी तिकडे पाठवायला शाळेत आले होते आणि माझ्याबरोबर चहा पीत बसले होते. शिपाई धावत आला. "बाई, दिल्लीचा फोन हाय. इशाका बाईंचा. हिंदीत बोलाय लागलाय." मोठ्या बाई त्यांच्या खोलीत नव्हत्या. मी उठले, पण माझ्याआधी आण्णा उठले. मुलीचा फोन, त्यातून हिंदीत! मी कशाला मध्ये पडू?

मी शेजारीच उभी होते. पलीकडचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. कुणी कारकून असावा. त्यानं विचारलं की विशाखा कांबळेंचं श्रीलंकेच्या खेळाडूशी लग्न झालंय असं कळलं, खरं का?

"हाँ जी, मैं उसका पिताजी बोलता," आण्णा म्हणाले. "एकदम सच है. लड़की हमने श्रीलंका को दे दी."

"दे दी? मतलब अब वो उधर की हैं?"

"हाँ हाँ, अब उधर की ही हो गई. हमारे पास तो बस मायके आएगी."

"पक्का ना? लिस्ट आज जानी है."

"एकदम पक्का," आण्णा म्हणाले. त्यांना वाटलं, लग्नाची यादी. आम्हां दोघांनाही तसंच काहीसं वाटलं असावं, की सरकारदरबारी आता लग्नाची नोंद होते आहे. फोन ठेवून आण्णा माझ्याकडे बघून हसले. त्यांच्या बिनभुवयांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. "बघा बाई, दिल्लीपातुर गेली बातमी." आणि मी, हिंदीची शिक्षिका, वीस वर्षं मुलींना वाक्यांचे अर्थ शिकवणारी, मी त्यांना म्हणाले, "छान बोललात हो आण्णा."

मला त्यात काही चुकलं असं वाटलंच नाही. कसं वाटणार? आमच्याकडे कुणाही बापाला विचारा, पोरगी कुठं दिली? तो सांगतो, हातकणंगल्याला दिली, सांगलीला दिली. तसं आण्णांनी सांगितलं, लंकेला दिली. दान न मानणाऱ्या माणसाच्या तोंडातही शब्द तोच होता. तिकडे कारकून संघाबद्दल विचारत होता.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आपल्या वडिलांनी दूरध्वनीवर कळवल्यानुसार आपण आता श्रीलंकेकडून खेळणार असल्यानं आपलं नाव कमी करण्यात आलं आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. विशाखानं ते मैदानावर उभ्या उभ्या वाचलं आणि तशीच सायकल काढून उचगावला निघाली. मी रिक्षा करून मागोमाग गेले, कारण त्या फोनची साक्षीदार मी होते आणि आण्णांना एकट्याला तोंड द्यायला लावणं मला जमेना.

आण्णा दारात बसून लसूण सोलत होते. तिनं पत्र वाचून दाखवलं. एकदा हिंदीत, मग मराठीत. आण्णांना पहिल्यांदा कळलंच नाही. "पर मी तसं कुठं म्हणलो? मी म्हणलो दिली..." असं म्हणाले आणि हातातला लसूण खाली ठेवला.

"मला कुणी दिली न्हाय आण्णा," विशाखा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी लगीन केलंय."

मी मध्ये बोलले, की माझंही चुकलं, मी तिथंच होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमचं काय चुकलं बाई, तुमी बी त्याच भाषेतल्या." या एका वाक्याइतकं मला आयुष्यात दुसरं काही लागलेलं नाही.

मग अर्ज, तारा, फॅक्स. मोठ्या बाईंनी शाळेच्या शिक्क्यानिशी लिहिलं, तिच्या पासपोर्टच्या नकला पाठवल्या. उत्तर आलं, मुदत संपली, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी त्यांनी मागितलं की तिकडच्या संघटनेचं लेखी पत्र आणा, की ही त्यांच्याकडून खेळत नाही. सुनिलनं तिथं खेटे घातले. तिथून उत्तर मिळालं, जी आमची नाहीच तिच्याबद्दल आम्ही काय लिहून देणार? त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. असं एकेका कागदापायी एकेक वर्ष जात राहिलं.

आण्णांनी मला एकदा गुपचूप गाठलं. "बाई, एक अर्ज हिंदीत लिवून द्या. मी जाऊन येतो दिल्लीला." मी लिहायला बसले. मराठीत मुलगी देतात म्हणजे फक्त लग्न करून देतात, असं लिहिलं. आणि लिहिताना मलाच प्रश्न पडला, की मग देतात असं म्हणतात तरी कशाला? तीन कागद फाडले. आण्णा तो अर्ज घेऊन, रविवारचा पांढरा शर्ट घालून गेले. दोन दिवस त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बसले. तिथं त्यांना कुणीतरी चहा दिला, अर्जावर आवक शिक्का मारून दिला आणि परत पाठवलं. ते आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? "चांगली मानसं हायती," म्हणाले. "म्हणली, आपकी हिंदी बहुत अच्छी है." त्यानंतर ते माझ्याशी हिंदीत कधीच बोलले नाहीत.

सुनिलची पत्रं येत होती. आता त्यात आकड्याखाली आणखी एक शब्द असे, "कम." ये. इथं ये, इथंच खेळ, दोन-तीन वर्षं थांबावं लागेल, मग आमच्याकडून खेळता येईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दोनदा जाऊन आली. तो शिबिरात, त्याला आठ दिवसांची रजा. उरलेले दिवस ही सासूबरोबर नारळ खवत बसायची. मी तिला समजावलं. म्हटलं, जा बाई कायमची. नवरा चांगला आहे, सासू चांगली आहे. इथं काय उरलंय? ती बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "तिकडं गेलो तर आण्णा बोललं त्ये खरं हुतंय की. मग सगळीच म्हणणार, बघा, दिल्यालीच हुती. एकदा हितनं खेळतो. एकच डाव. मग जातो."

तो एक डाव आला नाही. ती रोज पहाटे मैदानावर जाई आणि एकटीच भाला फेकून एकटीच आणायला जाई. चाचण्यांना जाऊन आली की मी विचारायचं सोडून दिलं. नव्या मुली आल्या, तिच्यापेक्षा लांब फेकणाऱ्या, आणि तिला न घेणं आता कागदाशिवायही बरोबर ठरायला लागलं. मग खांद्याचं ऑपरेशन झालं. पत्रात लिहायला आकडा उरला नाही, तर ती कोरंच पत्र कसं पाठवायचं म्हणून पाठवेचना. तरी तो लिहायचा. मग त्याचाही खेळ संपला, तो प्रशिक्षक झाला आणि पत्रं सणासुदीला यायला लागली.

मला तिचा राग यायचा. खरंच यायचा. एका शब्दासाठी माणूस इतकी वर्षं घालवतं? पण दुसरं मन म्हणायचं, तुला कधी कुणी विचारलं होतं का, की तुला देऊ का? मला साताऱ्याहून कोल्हापूरला दिलं, मी आले. मला त्याची साधी नोंदही घ्यावीशी वाटली नव्हती.

दोन हजार चार साली आण्णा गेले. शेवटचे काही दिवस ते सारखे म्हणायचे, "त्या दिल्लीवाल्यांला फोन लावा, मला सांगायचंय." विशाखा त्यांच्या कानाशी लागून सांगायची, "लावला आण्णा. सांगितलं त्यांला." आण्णांच्या जलदान विधीनंतर महिन्याभरानं ती माझ्या घरी आली आणि म्हणाली, "बाई, मी जातो आता. कुणासाठी ऱ्हायचं?" राजीनाम्याचा अर्ज मीच लिहून दिला. पुण्यात कसलीशी आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा होती, सुनिल तिथं आपल्या मुलांना घेऊन येणार होता. तिला ही बातमी त्याला पत्रानं द्यायची नव्हती, समोर उभं राहून द्यायची होती. मला म्हणाली, तुम्ही चला. कितीतरी वर्षांनी तिनं नवी साडी घेतली होती आणि दोन्ही बाह्या एका मापाच्या शिवल्या होत्या.

स्टेडियमच्या मागच्या गेटवर तो चार वाजता भेटणार होता, पावणेपाचला आला. अंगानं भरला होता, केस विरळ झालेले, पाठीवर त्याच्या देशाचं नाव. गेट उभ्या गजांचं. आमच्या गळ्यात कार्ड नव्हतं म्हणून तो आत आणि आम्ही बाहेर. विशाखाचा हात पर्समध्ये होता, राजीनाम्याच्या पाकिटावर. येताना एसटीत साताऱ्यापासून तो तिथंच होता.

"शोल्डर?" त्यानं विचारलं.

"शोल्डर फिनिश," ती म्हणाली आणि हसली.

ती पुढं बोलणार तोच तो बोलायला लागला. खाली मान घालून, सावकाश, तिला कळावं म्हणून एकेक शब्द वेगळा करून. आखातात नोकरी मिळाली आहे, दोन वर्षांची. पुढच्या महिन्यात जायचं आहे. तिथं एक नर्स आहे, त्याच्याच गावची. आई आता म्हातारी झाली, तिला नातवंड बघायचं आहे. तो वाईट माणूस नव्हता. सात-आठ वर्षं त्यानं वाट पाहिली होती आणि बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. विशाखा पंचांचा निकाल ऐकावा तशी ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिनं हात रिकामाच पर्समधून बाहेर काढला आणि चेन लावली.

"सेंड पेपर," ती म्हणाली. "आय साइन."

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं हात जोडले, तिनं जोडले, आणि तो मैदानाकडे निघून गेला. ती गजांना धरून उभी राहिली.

गेटवरचा पहारेकरी खुर्चीवरून हे सगळं बघत होता. म्हातारा, उत्तरेकडचा माणूस. तो म्हणाला, "कौन थे मैडम? रिश्तेदार?"

विशाखानं गज सोडले. "साथ में खेलते थे."

"अच्छा? तो आप भी श्रीलंका की हैं?"

इतकी वर्षं ती दिल्लीपर्यंत कागद नाचवत होती, ते हा प्रश्न कुणीतरी तिला स्वतःला विचारावा म्हणून.

"नहीं," विशाखा म्हणाली. "मैं इंडिया की हूँ."

"इंडिया के लिए खेली हैं?" म्हातारा खुर्चीवरून उठलाच. त्यानं टोपी सारखी केली, सलाम ठोकला आणि अडसर ओढून गेट सताड उघडलं. "तो बाहर क्यों खड़ी हैं? जाइए, अंदर जाइए. अपना ही है."

मैदानावर कुठल्या तरी शर्यतीची घोषणा चालली होती. विशाखानं उघड्या गेटातून आत पाहिलं, अगदी शेवटच्या टोकापर्यंत पाहिलं.

"चला बाई," ती मला म्हणाली. "आत आता कोण हाय?"

आणि ती एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागली, इतकी भराभर, की मला तिला गाठता आलं नाही.